घुमवलेलं वाक्य

आमचा कर्णेवाला जन्मात कुणावर ओरडला नाही. गावभर दुसऱ्यांचे आवाज वाढवत फिरणारा हा माणूस स्वतः इतकं हळू बोलायचा, की दुकानदार दोनदा 'काय?' विचारायचा आणि तिसऱ्यांदा मनाला येईल ते बांधून द्यायचा. एकदा मीठ आणायला गेला आणि साबण घेऊन आला. परत करायला काही गेला नाही, कारण त्यासाठीही बोलावं लागलं असतं. मी त्याचा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्याची थट्टा करायचा हक्क मला आयताच मिळाला होता आणि मी तो पुरेपूर वापरला. आता थट्टा सुचत नाही.

आईवडील लवकर गेले. मागे राहिली एक धाकटी बहीण आणि वडिलांचे पोचे आलेले कर्णे. ते खांद्यावर टाकून हा शाळांच्या स्पर्धा, लग्नं, दुकानांची उद्घाटनं करत हिंडला आणि त्यावर धाकटीला शिकवलं. ती नगरपालिकेत लागली. भावाच्या अगदी उलट. खणखणीत आवाज आणि कुणाची भीडभाड नाही. "घरातला सगळा आवाज हिच्याच वाट्याला आला," असं तो कौतुकानं म्हणायचा. तिनं लग्न केलं नाही. कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची, जुन्या स्कूटरवरून फिरायची आणि सुट्टीच्या दिवशी भावाकडे जेवायला येऊन त्यालाच चार गोष्टी सुनवायची. तो मान खाली घालून तिच्या ताटात वाढत राहायचा.

सभांचं काम त्याला साहेबांकडून मिळालं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. माणूस तसा हसतमुख, अडल्यानडल्याला धावणारा. खोटं कशाला बोलू? पण माईकसमोर उभे राहिले की त्यांच्या बोलण्यात सारखं कुणाचं तरी काहीतरी मोडत असायचं. कुणाचं तंगडं, कुणाचं टाळकं. कुणाची मुंडी पिरगाळायची, कुणाला उभा चिरायचा. लोक खूश होऊन शिट्ट्या मारायचे.

कर्णेवाल्यानं त्यात आपली कारागिरी घातली. त्याच्या मिक्सरवर इकोचं एक बटण होतं. साहेबांचा डावा हात वर गेला, की तो बटण फिरवून वाक्याचा शेवट घुमवायचा. 'सोडणार नाही... नाही... नाही.' मैदान उसळायचं. साहेबांना हे इतकं आवडलं, की दुसरा कुणी साउंडवाला त्यांना चालेनासा झाला. पुढे पुढे लोक हाताकडे बघायचेही बंद झाले. साधं बोलणं पेपरवाल्यांसाठी, घुमलेलं बोलणं आपल्यासाठी, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. हे तुला पटतं का, असं मी त्याला एकदा विचारलं. "शब्द त्यांचे," तो म्हणाला. "माझा फक्त आवाज."

मग निवडणुकीत साहेब थोडक्यात पडले. निकाल कचेरीच्या पायऱ्यांवरून वाचायचा होता, आणि आवाज चांगला म्हणून ते काम धाकटीकडे आलं. मतं तिनं मोजली नव्हती. हातात दिलेला कागद तिनं वाचला आणि ती घरी गेली. पण लोकांना पराभव कुणाच्या तरी तोंडून ऐकू आलेला असतो, आणि ते तोंड लक्षात राहतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी सभा घेतली. "ज्या जिभेनं हा खोटा निकाल वाचला," ते म्हणाले, "ती जीभ हासडून काढली पाहिजे." डावा हात वर गेला. कर्णेवाल्याची बोटं सवयीनं फिरली. 'पाहिजे... पाहिजे...' मी त्या दिवशी वायरी ओढायला त्याच्याबरोबर होतो. आवाज विरायच्या आत त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या दाराच्या कडीला एक पक्कड लटकवलेली होती. ती म्हणाली, बरं झालं, मोरीतला नळ गळतोच आहे. पण पलंग तिनं खिडकीपासून हलवला. मग दगड आले. दूधवाला त्या बाजूला फिरकेनासा झाला. कचेरीतल्या वरिष्ठांनी सुचवलं, की बाई, लांबची रजा घ्या, वातावरण निवळू द्या. भावानंही हातापाया पडून सांगितलं, आमच्याकडे ये किंवा बदली माग. तिनं ऐकलं नाही. खोटं वाचलं असतं तर पळून गेले असते, म्हणाली. तिच्या हट्टाचा मला तेव्हा राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

शेवटी हा मुखदुर्बळ माणूस साहेबांच्या घरी गेला. धीर यावा म्हणून मला सोबत घेतलं. न्हावी साहेबांची दाढी करत होता. साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. कर्णेवाल्यानं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, आणि ती आपली बहीण आहे हेही. साहेबांना ते खरोखरच माहीत नव्हतं. ते हळहळले.

"अरे, पण ती बोलायची रीत आहे," ते म्हणाले. "आई पोराला म्हणतेच ना, जीभ हासडीन म्हणून? कुठल्या आईनं हासडली आजवर?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, आईसमोर एकच पोर असतं, आणि तासाभरानं ती त्याला जेवायला हाक मारते. तुमच्यासमोर मैदान भरलेलं असतं. त्यातला कोण काय उचलून घरी नेतो, तुम्हाला कुठे दिसतं?"

न्हाव्याचा हात थांबला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, कंटाळून. मग कर्णेवाल्याला विचारलं, तुला काय हवं ते सांग.

"त्याच माईकवरून एकदा सांगा," तो म्हणाला, "की तिच्या केसालाही धक्का लावू नका."

साहेब लगेच कबूल झाले. परतताना कर्णेवाल्याचं पाऊल हलकं झालं होतं. साहेबांचा शब्द लोक झेलतात, म्हणाला; एकदा ते बोलले की संपलं. मलाही वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पुढच्या सभेत साहेबांनी शब्द पाळला. पाळला म्हणजे, भाषण संपत आलं होतं, लोक चपला शोधत होते, तेव्हा पाण्याचा घोट घेऊन ते पडेल आवाजात म्हणाले, "आणि हो, त्या निकाल वाचणाऱ्या बाईंच्या केसालाही कुणी धक्का लावू नका." हात वर गेला नाही. त्यांचं लक्ष पुढच्या कागदाकडे होतं. कर्णेवाल्याला वाटलं, हे वाक्य वायाच चाललं. एवढं मागून आणलेलं वाक्य, आणि मागच्या रांगांपर्यंत पोचतच नाहीये. त्यानं आवाज चढवला. आणि ज्याला वाक्य महत्त्वाचं करायची एकच रीत आयुष्यभर ठाऊक होती, त्या माणसानं तीच केली. बटण फिरवलं.

'लावू नका... नका... नका...'

मैदान क्षणभर थबकलं आणि मग फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, हसणं. घुमलं म्हणजे इशारा, असंच सगळ्यांनी धरलं: केसाला नको, बाकी मोकळं. चपला शोधणारे परत फिरले. साहेबही चमकले, पण समोर एवढं मैदान हसत असताना तोंड पाडून कोण उभं राहील? तेही हसले. 'नाही, तसं नाही, मी खरंच सांगतोय,' एवढे शब्द त्यांच्याजवळ होते आणि माईक हातात होता. तेवढं ते बोलले नाहीत. कर्णेवाल्यानं बटण भाबडेपणानं फिरवलं, हे मी कुठेही सांगेन. साहेबांचं हसणं भाबडं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्यांना क्षमा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कचेरीच्या पायऱ्या चढत असताना पंक्चरवाल्यानं लोखंडी दांडा तिच्या तोंडावर मारला. हा माणूस तिच्या स्कूटरची चाकं वर्षानुवर्षं काढत-घालत आलेला. ना दारू, ना भांडण. जबडा तुटला, दात गेले. तो पळाला नाही. पोलिसांनी विचारल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेबांनी इशारा दिला होता. मनातलं बोलतात तेव्हा त्यांचा आवाज घुमतो. सगळ्यांना माहीत आहे."

हे कर्णेवाल्याला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी आडून आडून सांगायला गेलो, पण असल्या गोष्टींना आडबाजू नसते. तो भिंतीला टेकून उभा होता, तसाच खाली बसला. बायकोनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिला. मग मला विचारलं, "मी नसतं घुमवलं तर?" मी म्हणालो, कोण जाणे. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्याच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही.

साहेबांवर काहीच आलं नाही. येणार कसं? केसालाही धक्का लावू नका असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते तिला बघायला दवाखान्यात येणार आणि मग बाहेर पायऱ्यांवर पेपरवाल्यांशी बोलणार असं ठरलं. त्यांच्या माणसानं दवाखान्यात येऊन कर्णेवाल्याला निरोप दिला, छोटा सेट घेऊन ये. तो म्हणाला, "नाही." आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्या माणसानं पुन्हा विचारलं. कर्णेवाला तेच आणखी मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या खाटांवरच्या लोकांनी वळून पाहिलं.

त्यांना दुसरा साउंडवाला मिळाला. असले मिळतातच.

साहेब येऊन गेले, तेव्हा धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. ते बाहेर गेल्यावर उघडले. जबडा तारांनी बांधलेला, शब्द ओठांच्या फटीतून कसेबसे निघत. इतक्या खणखणीत आवाजाची बाई, आणि ऐकायला भावाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"खिडकी लाव, दादा."

त्यानं उठून खिडकी लावली, कडी घातली, पडदा ओढला आणि पाठ लावून तिथेच उभा राहिला. काच पातळ होती. खालून साहेबांचा आवाज स्पष्ट येत होता. ते तिच्याबद्दल फार चांगलं बोलत होते.