आम्हाला उतरवलं त्या खड्ड्यात

कंपनीच्या साहेबानं बुटांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि माझ्यापुढे टाकल्या.

"उचल. लांब नेऊन टाक. मी त्यांना हात लावणार नाही."

"मंग म्या कायनं उचलू?"

तो हसला. मुकादमही हसला. "तुम्हा लोकांना काही होत नाही," साहेब म्हणाला. "कातडी जाड असते तुमची."

मी खड्ड्यात उभी होते. पोटरीपर्यंत गाळ. अनवाणी. मी पिशव्या उचलल्या.

आम्ही भोई. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लावायचो. नदीतली रेती ट्रकनं गेली, वाड्याही गेल्या. मग पिंपळगाव राजाच्या अलीकडे एका कंपनीनं गॅससाठी खोल विहीर पाडली. गॅसबरोबर जमिनीच्या पोटातलं खारं पाणी वर यायचं. ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात ते साठवायचे, मग टँकरनं कुठंतरी नेऊन टाकायचे. तळाशी बसलेला गाळ उपसायला आम्ही बाया. त्यात माझी जाऊही होती, तिचं लेकरू अंगावर पीत होतं. काम सुटलं की आम्ही नदीवर जायचो, हातपाय धुवायचो आणि तशाच ओल्या लुगड्यानं लेकराला जवळ घ्यायचो.

साहेबाकडे एक यंत्र होतं. गाळाजवळ नेलं की टरटर वाजायचं. त्याच्या छातीवर एक बिल्लाही असायचा. तो कशाचा, हे टँकरच्या ड्रायव्हरनं सांगितलं. जानेफळचा माणूस. चहा पिता पिता बोलून गेला.

"दवाखान्यात फोटो काढतेत ना वहिनी, तसली किरणं हायेत ह्या गाळात. दिसत नाही, वास येत नाही. साहेबाच्या अंगात किती गेली ते बिल्ल्यावरून समजते. लय झाली की त्याले इथून हलवतेत."

"अन् आमाले?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"टँकर कोठं खाली करता तुमी?"

त्यानं मान वळवली. नाल्याकडे. तो नाला आमच्या नदीला मिळतो. आमची लेकरं तिथंच डुंबतात.

मी हे जावेला सांगितलं. घरी जाऊन तिनं लेकराला पाजायला घेतलं आणि तशीच थांबली. लेकरू रडत राहिलं. ते रडणं माझ्या डोक्यात शिरलं.

सकाळी मुकादम ओरडला, "उतरा."

बाकीच्या बाया उतरल्या, मी उतरले नाही. साहेबापुढे गेले. "ते यंत्र माह्या पायाले लावा."

"तुझ्या पायाला कशाला?"

"तुमच्या बुटाले लावता ना रोज?"

मुकादम धावून आला. "भोयीण साहेबाले शिकवते का वं? चाल, हो बाजूले!"

यंत्र टेबलावर चालूच होतं. मी लुगडं वर घेतलं आणि पाय टेबलावर ठेवला. नखांत, भेगांत कालचा गाळ होता.

टरटर वाजलं.

साहेब मागे सरला. माझ्यापासून. जसा कुणी विस्तवापासून सरतो तसा. खड्ड्यातल्या सगळ्या बायांनी ते पाहिलं. जाड कातडीचं बोलणारा माणूस माझ्या पायाला भ्याला होता.

जाऊ पहिली वर आली. मग एकेक सगळ्याच. आम्ही तशाच नाल्यावर गेलो आणि टँकरच्या वाटेत बसलो. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, चावी काढली आणि खाली उतरून उभा राहिला.

पोलिसांनी नेलं. संध्याकाळी सोडलं. माझ्यावर केस आहे, कामात अडथळा आणल्याची. कंपनी म्हणते, पाणी चांगलं आहे. गावातले काही म्हणतात, बाया पिसाळल्या.

सरपंच घरी आले. "माफी मांग बाई. कामावर घेतीन ते परत."

"कायची माफी? म्या कोनाच्या नदीत जहर सोडलं?"

ते उठून गेले.

आता नाल्याच्या वाटेवर आमची चूल आहे. तिथंच भाकरी, तिथंच बसणं. नदीचं पाणी तपासा, आमचं रक्त तपासा, आणि काय निघालं ते सगळ्या गावासमोर मोठ्यानं सांगा. तोवर ही चूल हलणार नाही. टँकर आणायचाच असेल तर आमच्या अंगावरून आणा.