पिवळा दिवा आणि सात चित्रं

गल्लीत नवीन राहायला आलेला माणूस हमखास फसायचा. "मास्तर कुठे राहतात?" असं विचारलं की लोक एक दार दाखवत, आणि "बाई कुठे राहतात?" असं विचारलं तरी तेच दार दाखवत. मग तो आपल्या मुलाच्या शिकवणीचं मास्तरांकडे काढायचा. मास्तर शांतपणे म्हणायचे, "माझ्याकडे फक्त मापं घेतात. अक्कल आत मिळते."

मास्तर शिंपी होते. शिकवायच्या त्या बाई, त्यांची बायको. एकाच शाळेत चौतीस वर्षं भूगोल. तोंड वर्गाकडे ठेवून, हात मागे नेऊन त्या फळ्यावर अख्ख्या खंडाचा किनारा काढायच्या आणि तो चुकायचा नाही. मुलांनी मात्र नदी निळ्याऐवजी काळी दाखवली तरी अर्धा मार्क गेलाच.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मास्तर मनातून घाबरले होते. निवृत्त माणसाच्या घरात वेळ साचत जातो आणि साचलेल्या पाण्यासारखा त्याला वास येऊ लागतो, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिलं होतं. पण बाईंनी तिसऱ्याच दिवशी जलरंगांची पेटी आणली. महिन्याभरात वाळू जमवणंही सुरू झालं.

पहिली वाळू समोरच्या बांधकामावरची. बाईंनी चिमूटभर रुमालात बांधली तेव्हा तिथला पहारेकरी म्हणाला, "बाई, एवढ्यात घर होईल का?" पुढे जो कोणी गावाला जाईल त्याला एकच सांगणं असे, येताना वाळू आण. गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्या धुऊन द्यायचा. प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठली, कोणी आणली, तारीख, रंग.

मास्तरांनी दुकान बंद केलं तेव्हा दोऱ्याच्या रिळांचं कपाट घरी आणलं होतं, दोनशे चाळीस खणांचं. एके दिवशी पाहतात तो रिळं पिशवीत आणि खणांत वाळू. ते चिडणारच होते, पण नीट पाहिलं आणि गप्प झाले. बाटल्या फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावलेल्या होत्या, दुकानात त्यांची रिळं असायची अगदी तशा. त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. शाळेतून परतताना दुकानात दहा मिनिटं टेकायच्या, तेवढ्यात बाईंनी पाहून ठेवलं होतं.

चित्रं त्या आठवणीतून काढायच्या. समोर कुणाला बसवणं त्यांना नक्कल केल्यासारखं वाटे. शाळेतली माणसं एकेक करून कागदावर यायला लागली. घंटेपाशी उभा शिपाई, नळावर पाणी पिणारी मुलगी, खिडकीत डबा खाणारे गणिताचे सर. तीन वर्षांत सात चित्रं झाली. घाई हा शब्द बाईंच्या कोशात नव्हता.

शिपायाच्या कानात निळा उतरला तेव्हा मास्तरांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला. निळा तिथेच होता. पुढच्या चित्रात तो मुलीच्या ओठांवर आला. पोरगी पाणी पिते आहे की पाण्यातून काढली आहे, कळेना. काळ्यातले अकरा काळे नुसत्या नजरेने वेगळे करणाऱ्या माणसापासून हे लपणार नव्हतं.

पण चित्र झालं की बाई ते दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या. "कसं झालंय?" आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क देणारी ही बाई त्या क्षणी निकालाला उभी असायची. मास्तर म्हणायचे, "झकास."

आणि मग त्यांनी बाहेरच्या खोलीतला पांढरा दिवा काढून पिवळा लावला. "डोळ्यांना बरा," असं सांगितलं. पिवळ्या उजेडात निळा दबायचा, शिपाई जिवंत वाटायचा. डाग असलेलं कापड खपवायला दुकानदार कुठला दिवा लावतो हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक कापड दारात नेऊन उन्हात पाहिलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. बाई रंगवायच्या त्याच दिव्याखाली. तिथे निळा फिका दिसायचा म्हणून त्या आणखी एक हात द्यायच्या. म्हणजे ज्या दुखण्यावर मास्तरांनी पांघरूण घातलं, त्याला ते स्वतःच खुराक देत होते.

घरात दुसरं कोणी बोलण्यातलं नव्हतं. मुलगा आणि सून, दोघंही बाईंच्याच वर्गातले. सुनेला वाटलं ही शैली असावी. मुलाला वाटलं, बायकोला चित्रातलं कळतं.

वाळूने घोटाळा बाहेर काढला. मुलगा कामासाठी समुद्राकाठी गेला होता, तिथून पुडी घेऊन आला. बाईंनी ती बाटलीत भरली, खिडकीशी धरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'फिकट पिवळी'.

"आई, पांढरी आहे. पांढरीशुभ्र, म्हणून तर मुद्दाम आणली."

"समोरच्या बांधकामावरून उचललीस आणि समुद्राचं नाव सांगतोस. नववीतही शेजारच्याचाच नकाशा उतरवायचास."

"बाबा, तुम्ही सांगा आता."

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं. आत मीठ भरावं तशी वाळू. "मला काय कळतंय वाळूतलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. ऑपरेशन आधी उजव्याचं, महिन्याने डाव्याचं. त्याच सुमारास शाळेच्या मुख्याध्यापिका सातही चित्रं न्यायला येणार होत्या. वाचनालयाच्या नव्या खोलीत ती लागायची होती आणि त्या खोलीला दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या होत्या.

बायकोचा डोळा बरा होणार या काळजीने झोप उडालेले नवरे जगात फार नसतील. मास्तरांना दिसत होतं ते असं: बाई चित्रं पाहतात, पेटी बंद करतात, आणि त्यानंतर कधीच उघडत नाहीत. शाळेत असताना चूक सापडली की त्या पान फाडून पुन्हा लिहायला लावत. स्वतःची तीन वर्षं माणूस कशी फाडणार?

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि बाई घरी येऊन नुसत्या बघत सुटल्या.

"अहो, हा सदरा निळा आहे?"

"दहा वर्षं निळाच आहे."

"मी राखाडी समजत होते." त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. चादर, भिंत, दुधाचं भांडं, सगळं दोनदा पाहिलं. मग कपाटापाशी बसून त्यांनी सत्तर चिठ्ठ्या बदलल्या. मुलाला फोन केला. "वाळू पांढरी आहे. तुझा अर्धा मार्क परत." पलीकडून तो बराच वेळ हसत होता.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "चित्रं उतरवा."

मास्तरांनी एकेक खिळ्यावरून जेवढी सावकाश उतरवता येतील तेवढी सावकाश उतरवली. गॅलरीत, उन्हात, ओळीने ठेवली. बाई डावा डोळा झाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत गेल्या आणि परत मुलीच्या चित्रापाशी येऊन थांबल्या.

"हिला हुडहुडी भरलीय," त्या म्हणाल्या. मग वळल्या. "तुम्हाला दिसत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या चित्रापासून."

बाई आत गेल्या. भर दुपारी त्यांनी खोलीतला दिवा लावला, त्याखाली आपला हात धरून पाहिला, आणि दिवा बंद करून बाहेर आल्या.

"आणि हा?"

"तोही मीच लावला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वर्गात बोलायच्या त्याच आवाजात बोलल्या. "मला वाढवून मार्क दिलेत तुम्ही. मी कुणाला दिले नाहीत. पोटच्या पोराला नाही दिले."

"तू थांबशील असं वाटलं."

"काय करायची थांबेन?"

"चित्रं." मास्तरांनी मुलीचं चित्र भिंतीला सरळ टेकवलं. "तू तिथे बसतेस, मी इथे बसतो. तू थांबलीस तर या घरात मी काय बघत बसू?"

बाईंनी चार दिवस पेटी उघडली नाही. ब्रश वाळून काडीसारखे झाले. दोघांचा चहा नेहमीच्या वेळेला होत होता, आणि त्याचंच मास्तरांना जास्त भय वाटत होतं.

पाचव्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. पन्नाशीकडे झुकलेली बाई, पण या घरात सांगितल्याशिवाय बसायची नाही. चित्रांसमोर उभी राहून म्हणाली, "फार सुंदर आहेत, बाई. निळा किती शांत वाटतो."

"सातवीतही धडा न वाचता उत्तर लिहायचीस. काय दिसतं ते सांग."

ती बराच वेळ पाहत राहिली. "शिपाईमामा आजारी वाटतात, बाई."

"बरोबर. बस आता."

ती बसली. बाईंनी तिला डोळ्यांचं आणि दिव्याचं सगळं सांगितलं, मास्तरांसमोरच, काही न लपवता. "ही मी देणार नाही. मुलं ती खरी मानतील. दुसरा डोळा होऊ दे. पुन्हा काढते."

"सातही, बाई?"

"मग काय साडेतीन?"

"मी भिंत रिकामी ठेवते," मुख्याध्यापिका म्हणाली आणि चहा न सांडता कशीबशी प्यायली.

मास्तर स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले. साठी ओलांडलेली ही बाई तीन वर्षांचं काम मोडीत काढून पहिल्या रेघेपासून सुरू करणार होती, आणि तिच्या बोलण्यात हुंदक्याचा लवलेश नव्हता. ते स्वतः एक उसवलेली शिवण बघून दिवसभर हळहळणारे.

डावा डोळा झाला. तो बरा झाल्यावर एका सकाळी बाईंनी टेबल खिडकीशी ओढायला लावलं. शेजारी स्टूल ठेवलं.

"इथे बसायचं. दिसेल ते सांगायचं. लगेच. झकास म्हणायचं नाही."

मास्तर बसले. शिपाई पुन्हा कागदावर आला. पेन्सिल झाली, पहिला हात वाळला, दुसरा चढला. निळ्याच्या धास्तीने बाईंनी गालावर तांबडा दिला, आणि तो जास्त झाला. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे. बाईंचा ब्रश हवेत थांबलेला होता. त्या वाट पाहत होत्या.

"तांबडा जास्त झालाय," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"गालावर. रागावल्यासारखा दिसतोय. थोडा करडा हवा."

बाईंनी चित्र दूर धरलं, जवळ आणलं. चेहऱ्यावरून काही सरकून गेलं, दुखल्यासारखं. मग ओला ब्रश फिरवून त्यांनी तांबडा उचलायला सुरुवात केली. मास्तरांनी श्वास सोडला आणि स्टूल थोडं पुढे घेतलं.

"आणि बाही दोन बोटं आखूड आहे," ते म्हणाले. "डावा खांदाही उतरलाय."

"ते विचारलं नव्हतं."

"दिसेल ते सांग म्हणालीस."

बाईंनी त्यांच्याकडे शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि पेन्सिल शोधायला लागल्या.