गुरगुरणारं इंजिन

नातेवाइकांत त्यांचं नाव पडलं होतं 'मागेपुढे'. एकतीस वर्षं त्यांनी मालगाड्यांच्या यार्डात शंटिंगचं इंजिन चालवलं. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ढकलायच्या, जोडायच्या, सोडायच्या आणि पुन्हा मागे यायचं. बायको म्हणायची, "एवढी वर्षं गाडी चालवलीत, पण गावाची वेस काही ओलांडली नाहीत!" त्यावर ते नुसते हसत. निवृत्त झाले तेव्हा गुडघे कामातून गेले होते, आणि अंगात झोप अशी साठली होती की बसल्या जागी डुलकी लागायची.

तरी हौस बघा. मागच्या खोलीत, जुन्या जेवणाच्या टेबलावर, त्यांनी खेळण्यातल्या रुळांचं पुन्हा यार्डच मांडलं. कडेने एक गोल लाइन, आणि तिच्यातून फुटून टेबलाच्या काठाशी संपणारी एक आखूड लाइन. काठाला अडसर ठोकायचं काम रोज उद्यावर जात होतं.

या यार्डात दुसरा कामगार म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. खऱ्या यार्डातही गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे सांधे बदलायला तोच असायचा. एकदा दुहेरी पाळीत यांचा इंजिनातच डोळा लागला, तेव्हा त्याने धावत जाऊन सांधा बदलला आणि गाडी मोकळ्या लाइनवर काढली. ही गोष्ट त्याने बहिणीलाही कधी सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने त्याचे डोळे गेले. तेव्हापासून तो रोज दुपारी काठी टेकत यायचा, टेबलाशी बसायचा आणि सांध्याच्या दांड्यावर हात ठेवायचा. त्या दांड्याला यांनी सायकलच्या ब्रेकची मूठ बसवली होती. दिवसभरात त्याच्या हाताला तेवढंच काम उरलं होतं.

मग जुन्या इंजिनाची मोटर जळली, आणि हे दुकानात गेले.

दुकानदाराने आधी लांबलचक, चकचकीत इंजिन पुढे केलं. "सगळे हेच नेतात."

"मला कुठे लांब जायचंय?" ते म्हणाले. "शंटिंगचं दाखवा."

दोन छोटी इंजिनं निघाली. यांनी खिशातून खडू काढला. वाघिणींवर खुणा करायला यार्डात खडू लागायचा, ती सवय सुटली नव्हती. वाघिणीवर खडू उभा ठेवून त्यांनी इंजिन हळूच येऊ दिलं. पहिलं गुरगुरत आलं आणि त्याने खडू पाडला. दुसरं मुंगीच्या पावलांनी आलं, वाघिणीला टेकलं, खडू जागचा हलला नाही. यांनी डोळे झाकून दुसरं उचललं. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि तिथेच फसले.

दुपारी मेहुणा मुठीवर हात ठेवून बसला. "दाजी, सुरू करा की."

"अरे, कधीच सुरू झालंय."

त्याने घाईने मूठ ओढली. इंजिन नेमकं सांध्यावर होतं. ते एकीकडे गेलं, वाघिणी दुसरीकडे, आणि सगळं आडवं झालं. त्याने चाचपडत एक वाघीण उचलली आणि टेबलावर ठेवली. "माझं काम संपलं, दाजी," एवढंच बोलून तो उठला.

तीन दिवस तो फिरकला नाही.

"तुम्ही काही बोललात का त्याला?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही."

"मग बोलायचं होतंत ना काहीतरी!"

चौथ्या दिवशी इंजिन चालू ठेवूनच त्यांना पेंग आली. पेंगेतच इंजिन कुठवर आलं याचा कानोसा घेतला, तर काहीच ऐकू येईना. ताडकन डोळे उघडले. मेहुण्याला बिचाऱ्याला काय कळणार होतं? त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली. तसेच दुखरे गुडघे ओढत ते दुकानात गेले.

"ते गुरगुरणारं बदलून द्या."

"अहो, ते खडू पाडतं!"

"पाडू दे. फिरवून दाखवा." आणि त्यांनी डोळे मिटले.

"काका, झोपलात की काय?"

"ऐकतोय."

घरी परत न जाता ते थेट मेहुण्याच्या दारात उभे राहिले. तो नको नको म्हणत होता, तरी त्याला दंडाला धरून आणलं. इंजिन गुरगुरत निघालं आणि वाघिणीवर आदळलं.

"आपटलीत की हो!" मेहुणा चार दिवसांत पहिल्यांदा हसला. मग मान तिरकी करून ऐकत राहिला आणि अगदी वेळेवर त्याने मूठ ओढली. पुन्हा ओढली. एकदाही चुकला नाही. आतून बायको ओरडली, "केवढा तो आवाज!" पण दार काही तिने लावून घेतलं नाही.

त्या गुरगुरीत यांचा डोळा कधी लागला, कळलंच नाही. मग दचकून जागे झाले. डोळा लागण्याआधी इंजिन आखूड लाइनकडे निघालं होतं, आणि काठाला अडसर नव्हता. त्यांनी आधी जमिनीवर पाहिलं. तिथे काही नव्हतं. इंजिन गोल लाइनवर आपलं संथ फिरत होतं, आणि मेहुण्याचा हात मुठीवर घट्ट होता.

"पडा जरा, दाजी," तो म्हणाला. "लाइन मोकळी आहे."