पाचव्या दिवसानंतरची बाटली

आधीच सांगते, नजर, भूतबाधा, अंगारे-धुपारे यातलं मी काही मानत नाही. चौदा वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई आहे मी, मायक्रोस्कोपखाली दिसेल तेच खरं. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातला संताप काही केल्या उतरत नाहीये.

जालन्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलची आमची लॅब. रक्तात जंतू आहेत का हे बघायला पेशंटचं रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत सोडून उबेत ठेवतात, त्याला ब्लड कल्चर म्हणतात. आमच्या बाटल्या लॅबमधले जुने टेक्निशियन हबीबचाचा हाताने बनवायचे. तळाशी द्रव आणि आत एका बाजूला अगरचा, म्हणजे जेलीसारखा, घट्ट थर. रोज सकाळी बाटली आडवी करून द्रव त्या थरावरून फिरवायचा, म्हणजे जंतू असले तर थरावर ठिपके उगवतात. चाचा म्हणायचे, "बेटा, बाटलीला रोज आंघोळ घातली पाह्यजे. न्हाई तर ती काहीच सांगत न्हाई." मागच्या वर्षी चाचा वारले. तेव्हापासून त्यांच्याच पद्धतीने बाटल्या मी बनवते.

मग बाटल्या आपोआप तपासणारं मशीन आलं, सोबत कंपनीच्या तयार बाटल्या. जुनं माध्यम, म्हणजे चाचांची बाटली, चांगलं की नवं, याची तुलना करायचं आमच्या लॅबप्रमुख सरांनी ठरवलं. प्रत्येकाचं रक्त दोन्हींत घालायचं, पाचव्या दिवसापर्यंत काही उगवलं नाही तर दोन्ही फेकायच्या.

मी म्हटलं, "सर, चाचांच्या बाटल्या रोज फिरवाव्या लागतात. आणि तीन आठवडे ठेवतात."

"मॅडम, नियम दोन्हींना सारखाच. नाहीतर तुलना कसली?"

वा रे तुलना! पोहणाऱ्याचे हात बांधायचे आणि वर म्हणायचं, बुडाला... तरी मी जुन्या बाटल्या न फिरवता तशाच ठेवू लागले.

त्यातच कविता आली. मंठ्याकडची, घरी शेळ्या. दीड महिना ताप, तान्ह्या पोरीला उचलायचीही ताकद नाही. तिची आई रोज लॅबच्या खिडकीशी यायची. "बाई, कळलं का काई? ताप उतरूनच न्हाई राह्यला."

पाचव्या दिवशी मशीन म्हणालं, निगेटिव्ह. मी जुन्या बाटल्या फेकायला काढल्या. सगळ्यांचे थर कोरडे — कविताच्या बाटलीचा ओला! म्हणजे ती कोणीतरी फिरवली होती.

बाटल्या उबेत ठेवायच्या कपाटाला, इन्क्युबेटरला, कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. मी आमच्या दुसऱ्या टेक्निशियनवर, जाधववर, तुटून पडले. तो म्हणाला, "आईची आन मॅडम, म्या हात न्हाई लावला. किल्ली तुमच्यापाशीच राह्यती की."

माझ्याशी थट्टा? चोर पकडायचाच म्हणून मी ती बाटली फेकली नाही. दारावर कागद चिकटवून सही केली. सकाळी कागद जसाच्या तसा आणि थर ओला. पुन्हा नवा कागद, पुन्हा तेच... असं पाच दिवस.

तिकडे कविताची आई रडत आली. "डॉक्टर म्हणून राह्यले, रिपोट साफ हाय, घरी न्या. आता कुठं नेऊ हिला?"

"एक बाटली बघायचीय अजून. थांबा," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

दहाव्या दिवशी थरावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. तपासलं तर ब्रुसेला! जनावरांकडून, कच्च्या दुधातून येणारा जंतू. त्याची औषधं वेगळी, आणि ती महिना-दीड महिना घ्यावी लागतात. कविता मागच्या आठवड्यात आली ती पोरीला कडेवर घेऊन.

आणि सरांच्या तक्त्यात? "जुनं माध्यम : निगेटिव्ह." पाच दिवसांनंतरचं धरायचं नाही म्हणे! त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नियम गेला चुलीत, आता सगळ्या बाटल्या रोज मीच फिरवते. सकाळी फिरवण्याआधी थर कोरडेच असतात. ओला पुन्हा कधी दिसला नाही. ती बाटली कोणी फिरवली, मला आजही सांगता येत नाही. चाचा असतील तर त्यांच्यावरही माझा राग आहे. एकीलाच का आंघोळ घातली? तिच्या आधी कितीतरी कोरड्या बाटल्या पाचव्या दिवशी कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत गेल्या. कोणाकोणाच्या होत्या, मला नावं आठवतात. त्या मीच टाकल्या होत्या.