वरच्या खोलीतल्या बाईचा पत्ता

सहा ऑगस्ट. वरच्या खोलीतला भाडेकरू आदल्या दिवशी गेला, म्हणून मी फरशी पुसायला वर गेले होते. खालून दोन पुरुषांचे आवाज आले. मी उतरेपर्यंत ते निघून गेले होते.

"कोण होतं?"

"ती चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारी बाई नाही का, पोरीला घेऊन राहायची? तिचा नवरा आणि दीर. सासरचीच माणसं गं," आमचे हे म्हणाले.

नवरा मारायचा म्हणून तिनं घर सोडलं होतं. मला माहीत होतं, यांनाही होतं. तीन वर्षांपूर्वी आमची खोली सोडून ती अक्कलकोटला गेली. बँकेची पत्रं पुढे पाठवता यावीत म्हणून पत्ता लिहून दिला होता. पत्रं केव्हाच थांबली. कागद राहिला. सोडून गेलेल्या प्रत्येकाचा करार, आधारची झेरॉक्स, फोटो, सगळं हे जपून ठेवतात.

"पत्ता दिलात?"

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? फाइलीत होता की."

"कशाला होता?"

"उद्या पोलिसांनी विचारलं तर?"

"पोलिसांनी कधी विचारलं? विचारलं ते त्यानं."

मी तिला फोन लावून सगळं सांगितलं.

"तुमीच दिला व्हय, काकू?"

यांनी दिला, असं म्हणणार होते. पण तसं म्हटलं नाही. घर एकच.

"पोरगी शाळेत हाय. तिला आणते आदी."

संध्याकाळी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. भांडी, सामान, लागलेलं काम टाकून ती पोरीसह एसटीत बसली होती. कुठं निघालीस, मी सवयीनं विचारलं.

"आता तेवडं इचारू नका."

बरोबर बोलली. डिपॉझिट परत केलं, मागून येणारं लाइटबिल भरलं, की भाडेकरूचं आपल्याकडे काही उरत नाही. दोन-तीन महिने कागद ठेवावेत. त्यापुढे ठेवतो तो व्यवस्थितपणा नाही, फुकटचा मालकीहक्क आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंब पेटवला आणि गेलेल्यांच्या फायली एकेक करून आत घातल्या. तिची पहिली.

"अगं, कोणी मागितलं तर काय सांगू?" हे मागून म्हणाले.

"बायकोनं जाळलं म्हणा."

पाणी लवकर तापलं. पहिली अंघोळ मीच उरकली.