चपला घालून बसायची गाडी

माझ्या गाडीला वास येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. पावसाळ्यात ओल्या पायपुसण्याचा येतो, उन्हाळ्यात तापलेल्या रबराचा. आणि या दोन्हींच्या खाली बारा महिने एक कुबट, आंबूस वास असतो, तो आधीच्या मालकाने आम्हाला फुकट दिलेला. यंदा दिवाळीनंतर तिचं आरटीओचं पासिंग संपणार होतं. तेव्हा तिला भंगारात द्यायची, असं माझ्या नवऱ्याने उन्हाळ्यातच जाहीर करून टाकलेलं. गाडी माझी, चालवणारी मी, आणि जाहीर करणारा हा.

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. इतका वीट मला दुसऱ्या कशाचा आलेला नाही. पण ही गाडी गेली की मी परत रिक्षाच्या रांगेत, आणि माझे सासरे घरातल्या खुर्चीत. कारण ते दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नव्हते. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. नवऱ्याला विचाराल, तर त्याच्या मते घरात आता चांगली नवी गाडी होती, मग रडायचं कशाला?

मी गाडी शिकले चाळिशी उलटल्यावर. राहायचं डोंबिवलीत आणि नोकरी कोलशेतला, रंगाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. येण्याजाण्यातच अर्धा जीव जायचा. तेव्हा नवरा म्हणालेला, घे गाडी, पण अशी घे की जिला ओरखडा पडला तरी आपला जीव जळणार नाही. झालं. तेव्हापासून माझ्या नशिबी दुसऱ्यांनी वापरून चोथा केलेल्या गाड्या. पहिलीच्या तळाला क्लचपाशी भोक होतं. गाडी चालू असताना पायाखालून रस्ता पळताना दिसायचा, आणि डबकं आलं की गढूळ पाणी थेट सलवारीवर. गॅरेजवाल्याने पत्रा मारून, लांबी भरून, वर काळा रंग फासून दिला. कोलशेत रोडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तो पत्रा खळ्ळकन गळून पडला. दुसरीच्या मागच्या दाराला आतून उघडायची सोयच नव्हती, आणि पुढच्या खणात झुरळांचं बिऱ्हाड. एकदा कागदपत्रं दाखवायला खण उघडला, तर झुरळ उडून ट्रॅफिक हवालदाराच्या शर्टावर. त्याने मला तसंच सोडलं, हा त्या गाडीचा एकमेव फायदा.

आताची ही तिसरी. हिने काय दिलं? हिने उंदीर दिला. ब्लोअर लावला की असा काही भपका यायचा की डोळ्यांत पाणी. गॅरेजवाला म्हणाला, मॅडम, जुन्या गाडीत असं व्हायचंच, एसीचा गॅस भरून बघू. गॅस भरला. मग आतून मेलेल्या उंदराचा थंडगार वास यायला लागला. शेवटी त्याने सगळं खोललं आणि माझ्यासमोर पक्कडीने एक उंदरीण ओढून काढली, तिच्यामागून पिल्लं. आणि ठेवली कुठे, तर पेपर पसरून माझ्याच सीटवर. शी! मी दोन वेळा जेवले नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण त्या मसाल्याला निदान चव तरी असते.

त्यात जुनी गाडी म्हणजे गावची मालमत्ता. नवी गाडी कोणी मागत नाही, मागायला जीभच रेटत नाही. जुनी मात्र हक्काने मागतात आणि वर म्हणतात, "जुनीच तर आहे." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सोसायटीच्या बागेतला कचरा हिच्या डिकीत, शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या गोण्या हिच्या डिकीत. आमच्या पलीकडच्या गावठाणात एक मातब्बर घर आहे. जमिनीचे पैसे आलेले, अंगणात दोन पांढऱ्याशुभ्र, हत्तीएवढ्या गाड्या उभ्या. त्यांच्या मुलाच्या हळदीच्या जेवणाची मासळी आणायला गाडी कोणाची? माझी. कारण ताई, तुमची जुनीच हाय ना. कोळंबीच्या पाट्यांचं पाणी मागच्या सीटमध्ये मुरलं ते मुरलंच. त्यांनी डबा भरून कालवण पाठवलं, ते मी चाटूनपुसून खाल्लं, पण पुढचे चार महिने लॅबमधल्या मुली माझ्या शेजारी डबा उघडायला कां कू करायच्या.

पण खोटं कशाला बोलू? सुखही होतं. माणकोलीच्या पुलावर सकाळी काच हाताने फिरवून खाली करायची, खाडीचा वारा घ्यायचा, आणि शेजारच्या सीटवरून "ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक" म्हणणारं कोणी नाही. मी मोठ्याने गाते त्या पुलावर. माजिवड्याला फ्लायओव्हरखाली नव्या गाड्या जीव मुठीत धरून उभ्या असतात, आणि मी घुसते. रिक्षावाले माझ्या दारावरचे पोचे बघतात आणि मुकाट्याने बाजूला होतात. हिच्या नादाला लागून आपलंच नुकसान, हे त्यांना कळतं. आयुष्यात मला कोणी इतक्या पटकन वाट दिलेली नाही.

आणि शनिवार. सासऱ्यांची थोरली बहीण वर्तकनगरला राहते. शनिवारी माझी नोकरी अर्धा दिवस. सकाळी त्यांना तिच्याकडे सोडायचं, दुपारी परत घ्यायचं. घरात हा माणूस दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. गाडीत बसले की चिखलाच्या चपलांसकट पाय लांब करायचे, खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढायची, आणि बोलायला सुरुवात. बहिणीने लहानपणी त्यांना विहिरीत कसं ढकललं, नोकरीतल्या साहेबाला ते काय बोलले, सगळं. टरफलं खुशाल पायाशी. मी ओरडायची, बाबा, उंदीर येतात हो ह्याने. ते म्हणायचे, अगं झाडून टाकीन मी. कधीही झाडलं नाही.

मग गेल्या वर्षी नवऱ्याने नवी गाडी घेतली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सोसायटीभर पेढे, इथवर ठीक. पण सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असं ठरलं. आतलं कापड फिकट, साईच्या रंगाचं, डाग पडतील. म्हणून घामाने पाठ चिकटली तरी प्लास्टिकवर बसायचं. आणि आत पाय ठेवण्याआधी चपला काढायच्या. हो, गाडीत. रस्त्यावर उभं राहून चपला काढायच्या, पिशवीत घालायच्या, पिशवी डिकीत. मला तर हसावं की रडावं कळेना. रोज कामाला हा स्कूटरवर जायचा आणि गाडी खाली कव्हर घालून उभी. कव्हरला खालून नाड्या, त्या हा दर रविवारी सोडायचा, गाडी पुसायचा आणि परत बांधायचा. देवघरातल्या देवाला आमच्या घरी इतकं सोवळं नाही.

बाबा त्यात एकदाच बसले. शीळ रोडला त्यांनी सवयीने पुडी काढली आणि एक टरफल खाली पडलं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, उतरला, मागचं दार उघडून ते टरफल दोन बोटांनी उचललं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, बाबा, इथे नाही खायचं. बाबांनी पुडी खिशात ठेवली. त्यानंतर कुठे जायचं निघालं की ते म्हणायचे, मला हिची गाडी बरी पडते. नवऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला एसी सोसत नाही.

गणपती नुकतेच गेलेले. एका सकाळी बाबांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले ते थांबेनात. आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, वयाकडे बघता घरी ठेवू नका, माजिवड्याच्या हॉस्पिटलात त्यांची फाइल आहे, तिथेच न्या. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना लिफ्टने खाली आणलं. नवऱ्याने लगबगीने नव्या गाडीच्या नाड्या सोडल्या, कव्हर अर्धं वर केलं. तेवढ्यात बाबांना उमळून आलं आणि शर्टावर थोडं पिवळं पाणी पडलं. नवऱ्याचा हात कव्हरवर थांबला.

"तुझी काढ," तो मला म्हणाला. "ह्यात झालं तर वास कधी जायचा नाही."

बाप हातभर अंतरावर, माझ्या खांद्यावर रेललेला. कानाने उत्तम ऐकू येणारा. नवऱ्याने कव्हर परत खाली ओढलं आणि वाकून नाड्या बांधल्या. एक नाही, चारही. मी बघत होते. मी पुढे होतो, कागदांचं बघतो, असं म्हणून तो स्कूटरवर गेला. मला त्या क्षणी त्या माणसाची जी शिसारी आली, तशी त्या उंदरिणीचीही आली नव्हती.

माझ्या गाडीचा सेल्फ दोनदा नुसता कण्हला, तिसऱ्यांदा लागला. पुलावर बाबांना राहवेना. डॅशबोर्ड, गिअर, माझी ओढणी, सगळं भरलं. वास असा की मी काच खाली करून तोंड बाहेर काढून श्वास घेतला. ते रुमालाने पुसायला लागले. मी म्हटलं, असू दे हो बाबा, जुनीच तर आहे. ज्या वाक्याचा मला जन्मभर तिटकारा, तेच तोंडातून निघालं.

पूल संपला तरी ते पुसतच होते. मग डोळे मिटून, थांबत थांबत बोलले.

"ह्याला लहानपणी गाडी लागायची. एसटीत मी शर्टाची झोळी करून धरायचो. खाली पडलं की लोक ओरडायचे ना त्याला."

बस, एवढंच.

सलाईन लागलं, दोन दिवसांत उतार पडला. आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की नवरा रोज तिथेच होता. औषधं आणायला धावत होता, भाताची पेज चमच्याने भरवत होता, रात्री खुर्चीत अवघडून झोपत होता. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर एक शिवी घालून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाने वाकून नाड्या बांधल्या, याचीच मला जास्त किळस येते. त्याच्या तर ते लक्षातही नव्हतं. मी एसटीचं त्याला सांगितलं नाही. सांगावंसंच वाटलं नाही.

घरी सोडलं त्या दिवशी तो नवी गाडी घेऊन आला. धुतलेली, पुसलेली. आता बाप स्वच्छ झाला होता ना. मी कोलशेतहून माझी घेऊन परस्पर हॉस्पिटलात गेलेले, ती त्याच्या मागे लावलेली. त्याने मोठ्या प्रेमाने दार उघडलं. बाबांनी दाराला धरलं आणि वाकून चपला काढायला लागले. चार दिवसांत अंगातली शक्ती गेलेली, एक चप्पल निघाली, दुसरीच्या पट्ट्यातून अंगठा सुटेना. मागून गाड्या हॉर्न मारायला लागल्या.

नवरा ओशाळला. "राहू द्या बाबा, आज चपला राहू द्या."

"नको रे," बाबा म्हणाले. "तुझ्या गाडीचा नियम आहे तो."

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. शाळेतल्या पोराने बाईंना सांगावं तसं. एक पाय अनवाणी, तापलेल्या डांबरावर. माझ्याच्याने बघवलं नाही. मी खाली बसले, निघालेली चप्पल त्यांच्या पायात परत घातली, आणि तिथूनच मान वर करून नवऱ्याला विचारलं, "लहानपणी तुला गाडी लागायची. एसटीत तुझ्यापुढे शर्ट कोण धरायचं रे?"

त्याला कळेना मी हे आत्ता का काढतेय. पण त्याने आठवून बघितलं. चेहरा मऊसुद्धा झाला त्याचा.

"आई," तो म्हणाला. "आईच धरायची. पदर धरायची ती."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला.

"हो," ते म्हणाले. "तीच धरायची."

मग ते चपला घालून, सावकाश पावलं टाकत मागे आले आणि माझ्या गाडीत बसले. मी दार लावलं. ते एका झटक्यात कधी लागत नाही, दोनदा आपटावं लागतं.

दिवाळीनंतर मी रजा टाकून गाडीचं पासिंग करून आणलं. शनिवार चालू आहेत, शेंगाही. त्या दिवसाचा वास मात्र पुरता गेलेला नाही, गिअरच्या भोवती ऊन पडलं की येतो. नवऱ्यालाही मध्ये एकदा आला. दोनदा म्हणाला, दे, आतून चांगली धुऊन आणतो.

मी चावी दिली नाही.