फळ्यावरची चंद्राची ओळ

१७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत रशियाची आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली. गाडीत माणूस नव्हता. पृथ्वीवर बसलेली माणसं ती रेडिओनं चालवत होती. सकाळच्या बातम्यांत मी हे ऐकलं आणि निपाणीच्या चौकातल्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं.

फळा रोज मी लिहीत असे. समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या ऐकायच्या, कागदावर उतरवून घ्यायच्या, फळा ओल्या फडक्यानं पुसून दहा-बारा ओळी लिहायच्या. निम्मी जागा सीमाप्रश्नाची, शेवटी तंबाखूचे दर. हा खडू हातात घेणारा आमच्या बौद्ध वस्तीतला मी पहिला. वाचनालयाचे अध्यक्ष तंबाखूचे व्यापारी होते. त्यांनी माझं अक्षर बघून काम दिलं होतं. वाचनालयाच्या समितीतल्या दोघांना ते पटलं नव्हतं. माझी चूक कधी सापडते याची ते वाट बघत होते.

चूक मी केली. आठवड्याभरात गाडी होती तिथला सूर्य मावळला. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. गाडीनं आपलं झाकण मिटून घेतलं. सूर्य उगवल्यावर ती पुन्हा चालेल अशी शास्त्रज्ञांना आशा आहे, असं रेडिओनं सांगितलं. मी लिहिलं, ‘गाडी झाकण मिटून थांबली आहे. सूर्य उगवल्यावर पुन्हा चालेल.’ आशा मी गाळली. फळ्यावर जागा होती, तरी गाळली.

अमावास्या झाली. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली आणि चौकात हसणं सुरू झालं.

“काय रं, चंद्र उगवला की. तुझी गाडी का उठंना?” हॉटेलवाल्यानं विचारलं.

“कोरीवर न्हाय ती. अंधारातल्या भागात हाय.”

“अंधारात चंद्र असतोय व्हय?”

“असतोय. दिसत न्हाय एवढंच.”

“मग गाडीबी तशीच असंल. हाय, पर दिसत न्हाय!”

वाचनालयात येणाऱ्या एका दैनिकात चंद्राचा नकाशा आला होता. त्यावरून मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्तुळ काढलं आणि गाडीच्या जागी टिंब दिलं. उजेड उजवीकडून सरकत येतो. अष्टमीला तो निम्म्यावर येतो, टिंब त्याच्याही डावीकडं होतं. कॅलेंडर बघून मी हिशेब केला. एकादशीच्या आसपास सूर्य तिथं पोचायला हवा होता.

समितीतल्या त्या दोघांतला एकजण फळ्यापाशी आला. अध्यक्षही बरोबर होते.

“ही ओळ पूस. गाडी बंद पडली असं लिही.”

“बंद पडल्याची बातमी आलेली न्हाय.”

“चालल्याची तरी आलीया का?”

“न्हाय. म्हणून थांबली आहे असं लिवलंय.”

“अन् चालंल म्हणून जे लिवलंयस ते?”

अध्यक्षांनी विचारलं, “एकादशीला चालली न्हाय तर?”

“खडू खाली ठेवतो, आप्पा.”

“मग दुसऱ्याला दिला तर वस्तीत बोंब न्हाय मारायची.”

“न्हाय मारणार. पर तवर ही ओळ कुणी पुसायची न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढीच ओळ पुसलेली होती. मी ती पुन्हा लिहिली, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. तिसऱ्या दिवशीही पुसली, तिसऱ्या दिवशीही लिहिली. मग मी ती सगळ्यांत वर घेतली, तिथं पोचायला स्टूल लागायचं आणि स्टूल मी वाचनालयाच्या आत ठेवून कुलूप लावायचो.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथल्या बायका तिला विचारायच्या, “तुझ्या ल्योकाची गाडी अजून झोपलीयाच का गं?”

“झोपली तर उठंल,” आई म्हणायची. “तुमच्या अंगावरनं जाणार हाय का ती?”

घरी मात्र तिनं मला एकदाच विचारलं, “खडू गेला तर काय करशील?”

“वखारीत येईन.”

“वखार कुठं जात न्हाय,” ती म्हणाली. “फळा सोडू नगंस.”

एकादशीला सकाळी बातमी नव्हती. दुपारी नव्हती. संध्याकाळी पंधरा-वीस माणसं फळ्यापुढं उभी होती. समितीतल्या त्याच माणसानं हात पुढं केला.

“आण खडू.”

“बातमी इथं पोचायला एक दिवस लागतोय. सकाळच्या बातम्या होऊ द्यात.”

“तुझं ठरलंवतं एकादशीचं.”

“गाडीचं ठरलंवतं. रेडिओचं न्हाय.”

त्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्ष म्हणाले, “सकाळी बघू.” खडू मी खिशात घालून घरी नेला.

सकाळी हॉटेलवाल्यानं कुणी न सांगताच रेडिओचा आवाज वाढवला. बातमी शेवटी शेवटी आली, दोन वाक्यांची. गाडीचं झाकण उघडलं आहे. गाडी पुन्हा चालू लागली आहे. मी ती दोन्ही वाक्यं, एक शब्द न बदलता, फळ्यावर लिहिली.

“खरं कशावरनं?” समितीतल्या माणसानं विचारलं.

“ज्या रेडिओवरनं सीमाप्रश्नाच्या बातम्या लिवतो, त्याच्यावरनं.”

अध्यक्षांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. तंबाखूचा एक दर चुकला होता, तो त्यांनी दुरुस्त करायला सांगितला. मी दुरुस्त केला. खडू परत मागितला गेला नाही.

चंद्रावरच्या पुढच्या प्रत्येक रात्री मी ‘पुन्हा चालेल अशी आशा आहे’ असं लिहिलं. सप्टेंबर १९७१ मध्ये गाडीकडून संदेश येणं थांबलं. ऑक्टोबरमध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं. तोवर गाडी दहा किलोमीटरांहून थोडी जास्त चालली होती. ही बातमीही त्या फळ्यावर मीच लिहिली.